जांघेतला पहिला टाका

हर्नियाच्या जाळीला पहिला टाका नेमका कुठे घालायचा, या एका प्रश्नावर भंडाऱ्यातले एक सर्जन गेली काही वर्षं अडून बसले आहेत. नाव छापू नका म्हणाले, कारण ओपीडी याच गावात चालवायची आहे. वय साठीच्या पुढे. धानाची कापणी, मळणी आटोपली की त्यांच्याकडे हर्नियाचे पेशंट येऊ लागतात आणि मृगाच्या आधी ही गर्दी ओसरते. रोवणीच्या दिवसांत जांघेतला गोळा हाताने आत सारून चिखलात उतरणारा माणूस ऑपरेशनसाठी सवड काढत नाही. तुमसरच्या राईस मिलमधला हमाल, मोहाडीकडचा विणकर, भंडारा शहरात पितळेच्या भांड्यावर ठोके देणारा कारागीर, सगळे हिवाळ्यातच येतात. टाके निघण्याआधी झाडीपट्टीचं नाटक बघायला रात्रभर बसून आलेलेही त्यात असतात.

ऑपरेशन तसं रुळलेलं आहे. इटलीत पादुआला एदोआर्दो बासिनी यांनी 1880च्या दशकात रेशमाच्या टाक्यांनी जांघेची मागची भिंत दुरुस्त करून दाखवली. ती दुरुस्ती म्हणजे फाटकं पोतं दोन्ही कडांनी ओढून शिवण्यासारखी होती. ताण राहायचा, दुखायचं आणि बऱ्याच जणांना हर्निया परत व्हायचा. लॉस एंजेलिसचे आयर्विंग लिक्टेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हजार पेशंटचा अनुभव छापला. कडा ओढायच्या नाहीत, वरून पॉलिप्रॉपिलिनची जाळी सैल अंथरायची आणि काठाला टाके घालायचे. आमचे डॉक्टर तरुणपणी नागपुरात बासिनी शिकले आणि भंडाऱ्यात आल्यावर जाळीकडे वळले. हर्निया परत येण्याचं प्रमाण घसरलं. गावोगावच्या सर्जनना वाटलं, प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. गोळा गेला, पण काही जणांना दुखणं चिकटून राहिलं. 2018 साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लक्षात घ्यावं असं दीर्घकाळचं दुखणं दहा ते बारा टक्के पेशंटना राहतं. रोजचं काम अडवणारं दुखणं अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत जातं. तरुणांना आणि ऑपरेशनआधीच ज्यांना खूप दुखत होतं त्यांना धोका जास्त असतो. हर्नियासारख्या रोजच्या ऑपरेशनला हे आकडे लहान नाहीत.

डॉक्टरांचं मन अडकलं आहे ते पहिल्या टाक्यावर. जांघेच्या आतल्या टोकाला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो, प्युबिक ट्युबरकल. जाळी त्या उंचवट्याच्या पलीकडे दीड-दोन सेंटिमीटर जायलाच हवी. आखूड पडली तर हर्निया परत येतो आणि तोही नेमका तिथूनच. त्यामुळे तरुण सर्जनचा हात तिथे धास्तीने खोल जातो. सुई हाडावरच्या आवरणात शिरते, गाठ घट्ट बसते, सर्जन निर्धास्त होतो आणि पेशंटच्या मागे कायमची टोचणी लागते. उलट बाजूने टाका फार वर घेतला तर खोकताना तो ऊतीतून सुटेल ही भीती. म्हणजे हाडाच्या वरची ती पातळ तंतुमय साय तेवढी पकडायची आणि हाड सोडायचं. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. डॉक्टर त्यावर तासभर बोलू शकतात.

सुई हाडाला लागली की नीडल होल्डरमधून बोटांना बारीक करकर जाणवते, असं ते सांगतात. ही करकर आपल्याला इतरांच्या आधी कळते, याचा त्यांना उघड अभिमान आहे. आयएमएच्या जेवणात दोन घास झाले की हा विषय निघतोच. अलीकडे जवळचं नीट दिसत नाही म्हणून भिंगाचा चष्मा लावावा लागतो. डोळ्यांवर वयाचा परिणाम झाला हे ते कबूल करतात, बोटांच्या बाबतीत मात्र नाही.

त्यांच्या थिएटरमधली शांतता मोडली ती नागपूरहून एमएस करून आलेल्या एका तरुण सर्जनबाईंनी. दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं, "सर, धागा प्रोलीनचाच का? व्हिक्रिल किंवा पीडीएस का नाही?" डॉक्टरांनी ठरलेलं उत्तर दिलं. प्रोलीन विरघळत नाही, जाळी हलत नाही. तिने लगेच हिशेब मांडला. दोन-तीन आठवड्यांत ऊती जाळीच्या छिद्रांत शिरून तिला धरू लागतात. व्हिक्रिलची बरीचशी ताकद तेवढा काळ टिकते आणि सुमारे दोन महिन्यांत धागा विरघळून जातो. पीडीएस तर सहा महिने घेतो. मग जन्मभर राहणारा, ताठ टोकांचा धागा जांघेत ठेवून मिळवायचं काय?

प्रश्न बिनतोड होता. प्रोलीन गुळगुळीत असल्याने गाठ सुटू नये म्हणून पाच-सहा वेढे द्यावे लागतात. त्याची गाठ मोठी होते आणि कापलेली टोकं केसाळ ब्रशसारखी उभी राहतात. सडपातळ माणसाच्या कातडीखाली ती हाताला लागतात. तरीही डॉक्टरांनी आढेवेढे घेतले. खरं कारण त्यांनी पुढे हसत हसत सांगितलं. पांढऱ्या जाळीच्या काठाने समान अंतरावर पडलेले निळे टाके त्यांना फार देखणे वाटतात. कातडी मिटण्यापूर्वी ते क्षणभर थांबतात आणि सिस्टरसह सगळ्यांनी बघावं अशी त्यांची अपेक्षा असते. व्हिक्रिलचा जांभळा रंग त्यांना आवडत नाही. एवढंच!

मग दोघांनी शोधनिबंध काढून वाचले, आणि वाद आणखी वाढला. फिनलंडच्या हान्नू पायानेन यांनी 2002 मध्ये विरघळणारे आणि न विरघळणारे टाके तपासले तेव्हा दीर्घकाळच्या दुखण्यात फरक दिसला नाही. 2014 मध्ये इस्रायलच्या सर्जननी तशीच चाचणी घेतली आणि विरघळणाऱ्या धाग्याने दुखणं कमी राहिल्याचा निष्कर्ष काढला. मग टाकेच नकोत म्हणणारे आले. इटलीच्या कांपानेल्ली यांनी 319 पेशंटवर केलेल्या, 2012 मध्ये छापलेल्या चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक गुंतागुंत टाक्यांच्या गटात 14.8 टक्के होती आणि फायब्रिन गोंदाच्या गटात 8.1 टक्के. डॉक्टर हबकले. पण 2015 मध्ये फिनलंडच्याच 625 पेशंटच्या चाचणीत टाके, गोंद आणि आपोआप चिकटणारी जाळी या तिन्हींमध्ये वर्षाअखेर दुखण्याचा फरक उरला नाही.

"म्हणजे धागा कुठलाही घ्या," ते म्हणाले. "तसं नाही, सर," ती म्हणाली. "म्हणजे दुखण्याचं मूळ फक्त धाग्यात नाही."

मूळ बरंचसं नसांमध्ये आहे. जांघेत तीन नसा सर्जनच्या वाटेत येतात आणि तिसरी, जननांगाकडे जाणारी शाखा, वीर्यनलिकेच्या दोरीमागे निळसर शिरेच्या सोबतीने लपलेली असते. घाईत ती टाक्यात सापडते किंवा जाळीच्या काठाखाली चिरडते. तिन्ही नसा ओळखून जपल्या तर दुखणं कमी राहतं, असं 2006 मध्ये इटलीतल्या जवळपास हजार पेशंटच्या अभ्यासात आढळलं. आता दोघं प्रत्येक ऑपरेशनच्या नोंदीत तिन्ही नसा दिसल्या की नाही हे लिहितात. खालच्या काठाला अखंड धावता टाका, तीन-चार वेढ्यांहून जास्त नाही आणि गाठ करकचून आवळायची नाही. वरच्या काठाला विरघळणाऱ्या धाग्याचे दोनच सुटे टाके. खालच्या काठाच्या धाग्यावर तह झालेला नाही. ती करते तेव्हा पीडीएस, ते करतात तेव्हा अजूनही बऱ्याचदा प्रोलीन.

दुर्बिणीचा विषय निघाला की डॉक्टरांचा स्वर बदलतो. भंडाऱ्याहून नागपूर तासा-दीड तासाच्या अंतरावर. ज्याच्या घरी चार पैसे आहेत तो हायवेने नागपूर गाठतो आणि पोटावर तीन बारीक छिद्रं घेऊन परततो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर जांघेत दीर्घकाळ दुखण्याचं प्रमाण सराईत हातांत कमी असतं हे ते नाइलाजाने मान्य करतात, आणि पुढच्याच वाक्यात तिथे जाळीला ठोकल्या जाणाऱ्या धातूच्या मळसूत्री टॅकवर तुटून पडतात. बहुतेक हर्नियात, पोटाच्या पडद्याबाहेरून जाळी बसवताना ती टॅकने ठोकायची गरज नसते, हे मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. मग बिलात टॅक येतो कुठून? त्यांना याहून मोठी खंत वाटते ती नव्या मुलांची. जाळीविना शोल्डाइसची शिवण घालता येणारा सर्जन आता जिल्ह्यात शोधावा लागेल. जाळीला जंतुसंसर्ग झाला आणि ती काढावी लागली तर ही मुलं काय करतील, असं ते विचारतात. प्रश्नात थोडी कुरकुर आहे, थोडं तथ्यही.

मराठी मुलखातल्या दोन सर्जनचा उल्लेख मात्र ते आदराने करतात. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली आणि पेशंटच्या स्वतःच्या स्नायूपटलाची पट्टी शिवून भिंत उभी केली. पोलंडमध्ये 208 पुरुषांवर झालेल्या, 2012 मध्ये छापलेल्या चाचणीत तीन वर्षांनी ही पद्धत लिक्टेनस्टाइनच्या बरोबरीची ठरली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड जाळी म्हणून वापरलं आणि ग्रामीण सर्जनच्या साथीने 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. लोक हसले. 2016 मध्ये युगांडातल्या 302 पुरुषांवर स्वस्त मच्छरदाणी जाळीची रीतसर चाचणी झाली, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आली. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एका माणसाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी. दोंडाईच्यात बसून हे सुचलं आणि आपल्याला भंडाऱ्यात बसून सुचलं नाही, याचा किंचित मत्सर डॉक्टर लपवत नाहीत.

त्यांना स्वतःला सुचलेली गोष्ट छोटी आहे आणि तीही अर्धी त्या तरुण सर्जनबाईंची. तिने ऑपरेशन झालेल्यांना तीन महिन्यांनी फोन लावायला सुरुवात केली. "बरं हाय जी, साहेबाची किरपा," हे पहिलं उत्तर ठरलेलं. साहेबांनी मेहनत केली, आपल्याला दुखतं असं त्यांना तोंडावर कसं सांगायचं? मग तिने प्रश्न बदलला. "उकिडवं बसता येतं का?" तेव्हा पलीकडून थोडा वेळ आवाज येत नाही आणि मग कुणीतरी म्हणतो, "बसलो का टोचते जी. उठताना हात टेकावा लागते."

हर्नियाच्या जाळीचा त्रास मोजायला अमेरिकेतली कॅरोलिनास मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात आडवं होणं, वाकणं, उठून बसणं, खोकणं, चालणं, जिना चढणं, व्यायाम आणि रोजची कामं आहेत. उकिडवं बसणं स्वतंत्र विचारलेलं नाही. भंडारा जिल्ह्यात शौचाला, पऱ्हे उपटताना, पितळ ठोकताना, चुलीपुढे, पंगतीत माणूस पाय दुमडूनच बसतो. त्या बैठकीत मांडी पोटाला भिडते आणि जाळीचा खालचा कोपरा नेमका त्या हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. पहिला टाका कसा घातला याची परीक्षा तिथे होते. आता त्यांच्या ओपीडीत तपासणीचं टेबल नंतर येतं. आधी पेशंटला फरशीवर उकिडवं बसवतात आणि हात न टेकता उठायला सांगतात. ज्याला जमत नाही, त्याने एका बोटाने जागा दाखवायची. बोट हाडावर गेलं तर टाक्याचा संशय घ्यायचा, आग मांडीच्या आत किंवा अंडकोशाकडे पसरली तर नसेचा.

प्रोलीन की पीडीएस, या वादाचा निकाल डॉक्टर असा देतात: धागा दुय्यम, पण विरघळणारा चालत असेल तिथे न विरघळणारा वापरायला सबळ कारण हवं, आणि निळा रंग हे कारण नव्हे. हे सांगून झाल्यावरही पुढच्या ऑपरेशनला त्यांनी प्रोलीनच मागितला, अशी माहिती सिस्टरनी पुरवली.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल आणि तीन महिन्यांनंतरही जांघ दुखत असेल तर सर्जनला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा, उकिडवं बसून दाखवा, बोटाने जागा दाखवा. पुष्कळांचं दुखणं काळाने उतरतं, नसेच्या दुखण्यावर औषधं आणि बधिर करणारी इंजेक्शनं आहेत, अगदी थोड्यांना पुन्हा ऑपरेशन लागतं. तपासणारा डॉक्टर तुम्हाला खाली बसवून न बघताच "सगळं छान आहे" म्हणाला, तर स्वतःहून फरशीवर बसा.