वजनाचा संकोच, आजाराला संधी

व्यापारी घरात मालाचे वजन ग्रॅममध्ये चोख राखले जाते. घरातील स्त्रीच्या वजनाचा मात्र केवळ थट्टेत उल्लेख होतो. ही थट्टा कधी कधी फार महाग पडते.

हिंगणघाटच्या एका व्यापारी कुटुंबातील मोठ्या भाभींचे वय बावन्न. कापसाच्या हंगामात पंचवीस पानांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या, पर्युषणात अठाई करणाऱ्या. लग्नकार्यात कोणी म्हणे, ‘भाभी, आता जरा कमी करा हं!’ त्याही सर्वांबरोबर हसत. स्नान करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, तेव्हा त्यांनी कोणाजवळही ती वाच्यता केली नाही. दुखत नाही, म्हणजे काही नसेल, अशी मनाची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. शिबिरात प्रथम काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने सांगतात. पुढे अनोळखी व्यक्तीसमोर वस्त्र दूर करावे लागते. त्यांना रोगापेक्षा या दोन गोष्टींचीच धास्ती अधिक होती. अशा रीतीने सात महिने लोटले. अखेर धाकट्या जाऊबाईंनी एकांतात विचारले, ‘भाभी, तुम्ही काही लपवता आहात का?’ तेव्हा बांध फुटला. तोवर रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, उपचार अद्याप चालू आहेत.

अमेरिकेतील अनेक अभ्यासांत अतिस्थूल स्त्रिया मॅमोग्राफी तुलनेने कमी करून घेतात, असे आढळले आहे. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील मेदातून इस्ट्रोजेन तयार होत राहते. त्यामुळे त्या वयात स्थूलतेबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणजे जिला तपासणीची गरज अधिक, तीच मागे राहते. वास्तविक मेदयुक्त स्तनाची मॅमोग्राफी बहुधा अधिक स्पष्ट येते. अर्थात कृश स्त्रीनेही निर्धास्त राहू नये. गाठ अंगकाठी पाहून येत नाही.

तपासणी साध्या हातांनीही होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. शासकीय कार्यक्रमातही तिशीपुढील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आहे. अंतराची सबब आपल्याला नाही.

समाजाच्या शिबिरांत वजन पडद्याआड घ्यावे, आकडा केवळ कागदावर लिहावा, तपासणीस स्त्रीच असावी आणि अंगास पुरेल असे सैल वस्त्र द्यावे. यास खर्च फारसा नाही. घरातील पुरुषांनी दुकानाच्या वार्षिक हिशेबाबरोबर घरातील स्त्रियांच्या तपासणीची तारीखही वहीत नोंदवावी, आणि देहावरची थट्टा कायमची बंद करावी.