सापडत नसलेला पत्ता

गेल्या हिवाळ्यात लघुप्रबंधासाठी मला सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉविषयीची जुनी वृत्तपत्रीय कात्रणे हवी होती. एका छोट्या संस्थेने ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहेत, हे ठाऊक होते. माझी खोली चार हुतात्मा चौकापासून दहा मिनिटांवर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्याविषयीचे कागद मात्र माझ्या मोबाईलवर काही केल्या उघडेनात. ‘सर्व्हर सापडला नाही’, एवढेच उत्तर. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या जाळ्यावर तेच पान रेंगाळत का होईना, उघडत असे.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मित्राने उलगडा केला आणि मला एक इतिहास सापडला. आजचा धागा त्याविषयी.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. भारताचे ‘.इन’ १९८९ साली नोंदले गेले आणि त्याचा कारभार अनेक वर्षे मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होता. आपल्या वतीने पत्ता विचारत फिरणारी आज्ञावली म्हणजे रिझॉल्व्हर. तो बराचसा जुन्या पोस्टमनसारखा. पाकिटावर ‘शोलापूर’ लिहा, गल्लीचे नाव चुकवा, तरी पत्र घरी पोहोचते. (अशाच घोळांवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला.)

डीएनएसचा मूळ निरोप ५१२ बाइटांत बसवावा लागे. १९९९ साली ईडीएनएस ही वाढीव पद्धत आली. ज्या सर्व्हरला ती कळत नाही, त्याने ‘प्रश्न समजला नाही’ असे उत्तर द्यावे, ही अपेक्षा. पण कित्येक सर्व्हर, किंवा त्यांच्यापुढे बसवलेल्या फायरवॉल, असा प्रश्न आला की गप्पच राहत. या मौनाचा अर्थ काय लावायचा? निरोप वाटेत हरवला, सर्व्हर बंद पडला, की त्याची मांडणीच चुकली आहे? रिझॉल्व्हर लिहिणाऱ्यांनी पळवाट काढली: थोडे थांबायचे, पुन्हा विचारायचे, तरीही उत्तर नाही तर जुन्या पद्धतीने विचारायचे.

ही सोय जवळजवळ वीस वर्षे चालली. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली घालून दिलेल्या तत्त्वाला ती धरूनच होती: स्वतः पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. पण त्यामुळे ज्याची चूक त्याला ती कधी दिसलीच नाही. खोळंबा भलत्यांचा झाला आणि आज्ञावल्यांत अपवादांचे थर साचत गेले. अखेर बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस आणि नॉट या रिझॉल्व्हरांच्या कर्त्यांनी मिळून १ फेब्रुवारी २०१९ हा दिवस ठरवला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही पळवाट नव्हती. मौन म्हणजे सर्व्हर मृत, एवढाच अर्थ उरला. गुगल आणि क्लाउडफ्लेअर यांचे सार्वजनिक रिझॉल्व्हरही त्यात सामील झाले.

प्रथम मला हा निर्णय निष्ठुर वाटला. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दुरुस्त होतात. एखाद्या संग्रहाची देखभाल निवृत्त शिक्षक फावल्या वेळात करतात. मग मी त्या संस्थेत फोन केला. तेथील काका आपुलकीने म्हणाले, “अहो ताई, आमच्याकडे तर व्यवस्थित उघडतंय की!” खरेच उघडत होते. त्यांच्याही कार्यालयात जुनाच रिझॉल्व्हर होता. त्या क्षणी मला २०१९ च्या त्या मंडळींचे म्हणणे पटले. तरी पुरते नाही. चूक नजरेस यावी म्हणून दार बंद झाले, हे खरे; पण बंद दार काकांना दिसत नव्हते, ते मला दिसत होते.

मित्राने फायरवॉलमधील कोणता नियम बदलायचा, ते चार ओळींत लिहून दिले. तो कागद मी स्वतः नेऊन दिला. काकांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. बदल अजून झालेला नाही.

कात्रणे मी प्रयोगशाळेतून उतरवून घेतली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले जाळे बदलणार आहेत. त्याआधी आणखी कुणाला त्या संग्रहातले काही हवे असेल, तर इथेच सांगा. शनिवारी दुपारी मी तिथे असते.