न वाचलेलं पुस्तक

परवा मोखाड्याला बोहाडा बघायला गेलो होतो, अण्णाकाकांना घेऊन. संबळ वाजत होता, एकामागून एक देवांची सोंगं नाचत येत होती. नरसिंह आला तसे काकांनी हात जोडले आणि लगेच माझ्या कानात म्हणाले, "यंदाचा नरसिंह लंगडतोय रे, गुडघा दुखत असेल बिचाऱ्याचा." मला हसू आवरेना.

जव्हारला परतताना गाडीत एकदम म्हणाले, "ते पुस्तक मिळालं का रे तुला पुढे कधी?"

कुठलं, ते विचारायची गरज नव्हती. आमचं भांडण आयुष्यात एकाच पुस्तकावरून झालंय.

२००९ सालची गोष्ट. महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आनंद यादव निवडून आले होते. तेच, 'झोंबी'वाले. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीत तरुण तुकोबा जसे रंगवलेत त्यावर वारकरी संतापले. यादवांनी पुस्तक मागे घेतलं, देहूला जाऊन माफी मागितली, तरी भागलं नाही. शेवटी त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं.

काका माळकरी. दर पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला चालत जायचे. आणि मी तेव्हा नुसता पेटलेला! खोमेनींनी १९८९ मध्ये रश्दींविरुद्ध फतवा काढला, मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय, वगैरे वगैरे. (आपल्या सरकारनं तर त्याच्याही आधी, १९८८ मध्येच त्या पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली होती. गंमत म्हणजे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्या बंदीची अधिसूचनाच कुणाला सादर करता आली नाही. असो.)

काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या आजोबांबद्दल कुणी असं छापलं तर?"

मला उत्तर सुचलं नाही. तुकोबा त्यांच्या घरातलेच, हे मला माहीत होतं. पण हरायचं नव्हतं, म्हणून म्हणालो, "आणि इंद्रायणीत गाथा बुडवायला लावली ती कुणी? तेव्हाही कुणाच्या तरी भावनाच दुखावल्या होत्या ना?" त्याच मार्चमध्ये तुकाराम बीज होती, आणि गाथा तरल्याची कथा सांगताना काकांचे डोळे दरवर्षी भरून येतात. ते ताडकन उठले. "म्हणजे आम्ही रामेश्वरभट्ट?" पुढे दोन महिने अबोला.

खरं सांगायचं तर पुस्तक दोघांनीही वाचलं नव्हतं. त्यांना दिंडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, मला वर्तमानपत्रानं. मागे घेतल्यावर तर वाचायचं तरी कसं? कदाचित वाचून मीच म्हणालो असतो, की काका, हे जरा वाईटच लिहिलंय. किंवा ते म्हणाले असते, एवढं काही नाही रे यात. यादव २०१६ मध्ये गेले. आमचं भांडण तसंच अर्धवट राहिलं.

बोहाड्यातल्या नरसिंहाला लंगडायची मुभा आहे, कारण ते सोंग गावाचं, गावानं मानानं दिलेलं. लेखक मात्र कुणाला विचारून लिहीत नाही. त्यानं विचारावं असं मला आजही वाटत नाही. काकांना वाटतं.

"नाही मिळालं," मी म्हणालो.

"मिळालं तर आण. नवा चष्मा केलाय."