नगर–केडगावहून घणसोलीला

नगर, रविवार रात्र

आई,

थंडीने बोटं आखडलीत, अक्षर सांभाळून वाच. आपल्या खाडीकाठी स्वेटर कपाटातच पडून असतो. इथे दोन गोधड्याही पुरत नाहीत. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. चांगलं होतं, पण तांदळाची भाकरी आणि सुकट नसली की माझं जेवण होत नाही. भुईकोट किल्ला रिक्षातूनच पाहिला.

सकाळी ह्यूम मेमोरियल चर्चला गेले. तिथे कवी टिळकांची गोष्ट आठवली. नारायण वामन टिळकांना 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही सोवळं सांभाळतच. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. मी येशूवर विश्वास ठेवू लागले म्हणून निघताना तू विचारलंस ना, ‘आता मलापण बदलायला लावशील?’ नाही आई. तुझा देव्हारा तुझा. शिमग्याच्या पुरणपोळ्याही मीच लाटणार.

केडगाव, मंगळवार

दौंडला गाडी बदलून आले. वाटेत एका खिडकीवरचा बाबू सुट्ट्या पैशांवरून चारचौघांत खेकसला. डोकं अजून तापलेलं आहे. चहा वीस रुपये, आणि नुसतं गरम पाणी!

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहिलं. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातल्या मुली इथे आणून वाढवल्या, शिकवल्या. हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. इतकं हरवलेल्या बाईला हे बळ कुठून आलं, ते आता मला कळतं. बाबा गेल्यावर ते कुठे असतील या विचाराने मी रात्ररात्र जागायची. येशू मरणातून उठला यावर विश्वास बसला आणि ती धास्ती गेली. रडू अजून येतं. पण सकाळी डबा भरताना मी गुणगुणते, हे तूच मावशीला सांगितलंस.

दादाला सांग, मला कोणी पैसे दिले नाहीत की भुलवलं नाही. भांडायचं तर भांडू दे, पण बोलणं टाकू नको म्हणावं. शुक्रवारी रात्री ठाण्याला गाडी बदलून घणसोलीला उतरते. त्याला स्टेशनवर पाठव.