पैशाची पोच

भोर आणि वेल्हे ही सह्याद्रीच्या कुशीतील मावळ खोरी. राजगड, तोरणा आणि रोहिडा यांच्या पायथ्याशी पाऊस उदंड, पण जमीन थोडी आणि तीही उताराची. भात, नाचणी, वरई यांवर वर्ष निभत नाही. म्हणून येथील कितीतरी घरांतील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. कोणी गिरणीत राबला, कोणी माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहिली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळीला आधार होता तो महिन्याकाठी येणाऱ्या मनिऑर्डरचा.

टपाल खात्याने ही सेवा १८८० साली हाती घेतली. पुढे कित्येक वर्षे तिचा दर साधा होता : वीस रुपयांमागे एक रुपया. शेकडा पाच हे काही थोडे नव्हे, परंतु ते उघड होते. पाठवणाऱ्याला ठाऊक असे की शंभर पोहोचवायचे तर पाच मोजावे लागतील; आणि घरी पोस्टमन मोजून देई ते पुरते शंभर. फॉर्मला जोडलेल्या कुपनावर ख्यालीखुशालीच्या चार ओळी येत, आणि पैसे घेणाऱ्याच्या सहीची वा अंगठ्याची पोच उलट टपालाने मुंबईला जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर अनेक गिरणी कामगारांच्या घरी येणारी मनिऑर्डर थांबली ती कायमचीच.

आता पैसा येतो तो अधिक दुरून. वसईच्या आणि गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना बोटीवरील आणि आखातातील नोकऱ्या नव्या नाहीत. आज त्या वाटेने मावळातील मुलगेही दुबईला, मस्कतला, कुवेतला जाऊ लागले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले. ते केरळच्या वाट्यापेक्षाही थोडे अधिक होते. एवढा पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेवर त्यातील किती गळतो, याचा विचार मात्र आपल्या घरांतून क्वचितच होतो.

वेल्ह्याच्या बाजूला एका घरी आम्ही गेलो असता तेथील माउलीने बँकेचे पासबुक आमच्यापुढे ठेवले. तिचा मुलगा दुबईत वाहनचालक आहे. ती म्हणाली, “फादर, पोरगं म्हणतंय साडेतेवीस हजाराच्या आसपास पाठवलं. हितं पुस्तकात साडेबावीसच पडल्यात. मधलं हजार कुणी खाल्लं?”

प्रश्न सरळ होता. मुलाकडून फोनवर आकडे घेऊन आम्ही कागदावर मांडले. त्याने एक हजार दिरहम पाठवले होते आणि पाठवणावळ म्हणून वर वीस दिरहम दिले होते. त्या दिवशी बाजारात एका दिरहमचा भाव तेवीस रुपये होता. पाठवणाऱ्या कंपनीने त्याला साडेबावीसचा भाव लावला. म्हणजे त्याच्या खिशातून गेले २३,४६० रुपयांचे दिरहम आणि घरी पोहोचले २२,५०० रुपये. मधले ९६० रुपये दोन वाटांनी गेले : ४६० पाठवणावळीत आणि ५०० भावाच्या फरकात. पावतीवर पाठवणावळ छापलेली होती. भावातील फरक कोठेच लिहिलेला नव्हता, आणि अधिक रक्कम गेली ती त्यातच.

यात कोणी चोरी केली असे नव्हे. व्यापार करणारा आपला नफा घेणारच. परंतु ‘पाठवणावळ मुळीच नाही’ अशी पाटी लावणाराही बहुधा भावातून आपले पैसे काढत असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून परदेशातील मुलाने एकच प्रश्न विचारावा : माझ्या हातून एकूण किती जाणार, आणि घरी रुपयांत किती पडणार? दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी हे विचारले की खरे काय ते उघडे पडते. रक्कम लहान असेल तर ठरावीक पाठवणावळ फार जड जाते. दोनशे दिरहमांवर वीस म्हणजे शेकडा दहा झाले. निकड नसेल तेव्हा दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवणे बरे. स्वस्त पडते म्हणून हवालाच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती वाट बेकायदा आहे, आणि तेथे बुडालेल्या पैशाची दाद कोठेही लागत नाही.

ही गळती साऱ्या जगातील गरिबांना सोसावी लागते. २०३० पर्यंत हा खर्च शेकडा तीनच्या खाली आणावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ठरवले. जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२४ सालीही दोनशे डॉलर पाठवण्याचा सरासरी खर्च शेकडा सहाच्या वर होता.

त्या माउलीने हिशेब शांतपणे ऐकून घेतला. मग तिने विचारले, “आन्‌ तो तितं खातो काय?”

याचे उत्तर आमच्या कागदावर नव्हते. तेव्हा आम्हांला टोबीतच्या ग्रंथाची आठवण झाली. मेदिया देशात ठेवीदाखल ठेवलेली दहा तालांत चांदी आणण्यासाठी आंधळा टोबीत आपल्या एकुलत्या एका मुलाला दूरच्या प्रवासाला धाडतो. तो व्यवहाराचा पक्का आहे. सोबत्याची मजुरी रोजची एक द्राख्मा आणि वर प्रवासखर्च, असे तो आधीच ठरवून टाकतो. खर्चाचा हिशेब त्याने बरोबर केला आहे. पण मुलाची आई रडू लागते. असलेल्या पैशात आणखी पैशाची भर कशाला, मुलापुढे त्या पैशाची किंमत ती काय, असा तिचा आक्रोश आहे. पवित्र शास्त्राने टोबीतचा हिशेब लिहून ठेवला, तसा आईचा आक्रोशही लिहून ठेवला. दोन्ही मिळूनच त्या पैशाचा खरा खर्च होतो.

आपल्या घरांतही तसेच आहे. मुलगा जातो तो बहुधा कर्ज काढून. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, असा नियम आहे. तो ठाऊक नसल्याने कित्येक जण लाखांत फसतात. मग पहिल्या कित्येक महिन्यांची कमाई व्याजात जाते, आणि हे तो घरी सांगत नाही. एका खोलीत सहा-आठ जण राहतात, जेवणात काटकसर होते, आजारपण अंगावर काढले जाते. घरच्यांना दिसतो तो पासबुकातील आकडा. मग बहिणीचे लग्न थाटात व्हावे, घरावर स्लॅब पडावा, नवी मोटारसायकल यावी, अशा मागण्या फोनवरून जाऊ लागतात. मुलाला नाही म्हणवत नाही. त्याचे परतणे एकेक वर्षाने पुढे जाते. कधी बाप वारतो आणि मातीला मुलगा नसतो.

पैसे पाठवूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने दूरदूरच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. आणि ती पोहोचवण्यास विश्वासू माणसे नेमून, त्या व्यवहाराकडे कोणाला बोट दाखवता येऊ नये याची काळजीही घेतली. प्रेमाने दिलेल्या पैशाला चोख हिशेब शोभतो, हाच त्याचा धडा. तो पाठवणाऱ्याला लागू आहे, तसाच घेणाऱ्यालाही आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, मनिऑर्डरबरोबर जी पोच परत जात असे ती पुन्हा सुरू करा. महिन्याच्या शेवटी परदेशातील मुलाला कळवा : तुझे इतके पोहोचले, इतके दुकानाचे दिले, इतके औषधाला गेले, इतके तुझ्या कर्जात भरले आणि इतके तुझ्या नावावर मागे टाकले. त्याचे कर्ज किती उरले आणि तो कोणत्या वर्षी परत येणार, हेही एकदा सर्वांनी बसून ठरवा. आणि पुढचे पैसे मागण्याआधी, आज काय जेवलास, एवढे त्याला जरूर विचारा.