दहा मिनिटं थांबेल

अंदमानच्या कुठल्याही पॅकेजची पीडीएफ उघडा, त्यात 'ॲक्टिव्हिटीज' हा शब्द असतोच. स्कुबा, सी-वॉक, कयाकिंग, ट्रेक. आमच्या बाबांची सध्याची ॲक्टिव्हिटी म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरून जाणारी एसटी वेळेवर आहे का, हे घड्याळात बघणं. बाबा कराड डेपोला कंडक्टर होते. तीस वर्षं हलत्या गाडीत उभे राहिले आणि रिटायर झाल्यावर जे बसले ते बसलेच. आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त.

आई बरोबर उलटी. २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती घरी सापडत नाही. अंदमानला तिला 'तळ दिसणाऱ्या समुद्रात' उतरायचं होतं. बाबांची मागणी एकच होती: सावरकरांची कोठडी बघायची. बाकी तुम्ही न्याल तिकडे येतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठल्याही गोष्टीची आधी शीट करायची, ही आमची जातकुळी. पहिला प्रश्न साधा होता.

"बाबा, एका दमात किती चालवतं?"

"चालतो की. रोज प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येतो."

बाबांच्या खिशात माझा जुना फोन असतो आणि तो पावलं मोजतो. सातशे. साडेसहाशे. सातशे वीस. आमच्या घरापासून प्रीतिसंगम पंधरा मिनिटांवर आहे. जाऊन-येऊन तीन हजार पावलं तरी होतात. दिवाळीत घरी होते तेव्हा संध्याकाळी दूध आणायला गेले, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बाबा बसलेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी पलीकडच्या गल्लीतून घरी आले. अर्ध्या तासाने तेही आले. आईने विचारलं, "किती पाणी आहे हो नदीला?"

"आहे बेताचं," बाबा म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. त्या रात्री शीटमध्ये 'एका दमात' या कॉलममध्ये लिहिलं: तीनशे पावलं.

या एका आकड्यावर अख्खं अंदमान पुन्हा तपासावं लागलं. बाराटांग पहिल्यांदा गेलं: रात्री तीनला उठा, जारवांच्या राखीव जंगलातून ताफ्याबरोबर गाडीने जा, मग होडी, मग चुनखडीच्या गुहांपर्यंत पायवाट. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल गेला, कारण तिथे ओहोटीच्या वेळी ओल्या, खडबडीत प्रवाळखडकांवरून चालत जावं लागतं. (नीलचं नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, बोटवाले मात्र अजून जुनीच नावं घेतात.) एलिफंट बीचला बोटीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो, तिथे आई आणि मी. राधानगर राहिलं. पण कोरडी भुसभुशीत वाळू गुडघ्याला फार छळते, पाण्याजवळची ओली घट्ट वाळू बरी. शिवाय अंदमान आपल्याच घड्याळावर चालतं पण आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. म्हणजे साडेतीनला पोचायचं आणि काळोखाच्या आत गाडीत बसायचं.

आणि सेल्युलर जेल. सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते. जेलच्या मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्यात, तीन मजली, आणि ती कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, पार टोकाला. दोन जिने. बाबांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "बघू की तिथं गेल्यावर."

हे 'बघू की' मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथं." गेल्या तीन-चार वर्षांत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, कोल्हापूरला मावसभावाच्या नव्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटखाली, लग्नाच्या हॉलच्या जिन्याशी, सगळीकडे बाबा 'बसतो इथं' म्हणून बसलेत. अगदी हसत. आपण वर जातो, पाच मिनिटं तेही आपल्याबरोबर मनात असतात, मग आपण फोटो काढायला लागतो.

म्हणून शीटमध्ये मी 'बसायची जागा' आणि 'सावली' असे दोन कॉलम वाढवले होते. लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने ओळ धरून सगळं वाचलं, जसं वेबिल वाचत असतील तसं.

"थांबे कुठायत यात?"

"हे काय, बसायची जागा लिहिलीय ना प्रत्येक ठिकाणी."

"ती माझी. थांबा गाडीचा असतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं त्या हिशोबाने. पण लांबच्या गाडीवर कंडक्टरचं खरं लक्ष दुसरीकडे हवं. कुणाला पोट बिघडल्याचं सांगता येत नाही, कुणा बाईला लघवीला जायचंय पण ती बोलणार नाही. "त्या बाईसाठी गाडी थांबवली तर ती मेल्याहून मेली. म्हणून हॉटेल दिसलं की बेल मारायची. दहा मिनिटं थांबेल, चहा घ्या. सगळ्यांना. कुणाला विचारायचं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर झेरॉक्सचं दुकान आलं. बाबा स्क्रीनकडेच बघत होते.

शीट नव्याने झाली, त्यांच्या पद्धतीने. प्रत्येक तीनशे पावलांना थांबा, तिघांचा. दिवसाला एकच मोठं ठिकाण. परतीच्या विमानाआधीचा दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. (पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय. बाबांनी या एका शहराच्या तिकिटावर कुठलं नाव छापणार, यावर मला पाव तास घेतलं.) चेन्नईला विमान बदलताना व्हीलचेअर. त्यावरून वाजलं. "मी पेशंट आहे का?" मी म्हटलं, आयुष्यभर लोकांना सांगितलंत ना, हक्काची सवलत घ्यायला लाजू नका म्हणून? ते म्हणाले, "पैसे पडतात?" नाही. "मग घाल."

निघायच्या सहा आठवडे आधी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम आणि एक नियम मिळाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. मला वाटलं होतं की चढणं अवघड. गुडघ्यावर जास्त भार उतरतानाच येतो. आईने हा नियम फ्रिजवर चिकटवला आणि बाबा बाथरूमला निघाले तरी ओरडायला लागली, "दुखरा आधी!"

जेलला आम्ही सकाळीच पोचलो. पहिला जिना अर्धा झाला आणि बाबांनी काही म्हणायच्या आत आईच मध्येच पायरीवर बसली. "दमले बाई." ती दमलेली नव्हती. मीही बसले. मागून येणारे बाजूने निघून गेले. बाबांनी भिंतीला काठी टेकवली आणि पाण्याची बाटली मागितली. असे चार थांबे झाले. वरच्या व्हरांड्यात एकापुढे एक सगळ्या सारख्याच कोठड्या. बाबा प्रत्येक दाराचा अडसर हाताने चाचपत टोकापर्यंत गेले. कोठडीत पाच मिनिटं उभे राहिले. काय वाटलं ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "खिडकी फार वर आहे."

उतरताना जास्त वेळ लागला. दुखरा आधी, मग चांगला. आमच्या मागे एक आजी कठड्याला धरून उतरत होत्या, नातू दोन पायऱ्या पुढे जाऊन "आजी, चल ना" करत होता. मराठी ऐकून बाबा थांबले आणि वळून मोठ्याने म्हणाले, "बसा, दहा मिनिटं थांबेल."

आजी बसल्या. नातवाचा नाइलाज झाला. त्या पंढरपूरच्या निघाल्या, मग कुठल्या गाडीने कुठे जाता याची चौकशी सुरू झाली, आणि दहाची पंचवीस मिनिटं झाली.

आई घड्याळ बघत होती. तिला दुपारची बोट पकडायची होती.