तणाव्याची ताकद जमिनीत

हॅम रेडिओचा मनोरा वादळात आडवा झाला की आधी तारेची चौकशी होते: जाडी किती होती, गंज चढला होता का? प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. तणाव्यांवर, म्हणजे ताणून बांधलेल्या तारांवर, उभ्या असलेल्या मनोऱ्याची सुरक्षितता आधी जमिनीत ठरते आणि मग तारेत, असं माझं ठाम मत आहे. बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या तुळजापुरात तर हे विसरून चालणार नाही. घाटाच्या चढावरून येणारा वारा माथ्यावर वेग घेतो. भारतीय मानक आयएस 875 च्या तिसऱ्या भागात यासाठी स्वतंत्र गुणक दिला आहे: 3 अंशांहून जास्त उताराच्या टेकडीवर किंवा कड्यावर वाऱ्याचा वेग 1.36 पटीपर्यंत वाढवून धरावा लागतो. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो जवळजवळ 1.85 पट होतो. याच मानकात, उदाहरणार्थ, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर आहे. एवढा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 93 किलोंचा रेटा देतो.

यावर पहिला आक्षेप जागेचा येतो. अंगण लहान आहे, तणावे बुंध्याजवळ बांधले तर काय बिघडलं? हिशेब करून पाहू. 12 मीटरच्या मनोऱ्याच्या टोकावर 100 किलोंचा आडवा रेटा आला आणि तो एकाच तणाव्याने पेलायचा आहे. तणाव्याचा जमिनीतला खुंट उंचीच्या 80 टक्के अंतरावर, म्हणजे 9.6 मीटरवर असेल, तर तारेत 160 किलोंचा ताण येतो आणि खुंट 125 किलोंनी वर उपसला जातो. तोच खुंट 3.6 मीटरवर आणला, तर ताण 348 किलोंवर जातो आणि उपसण्याचा जोर 333 किलोंवर. तेवढाच दाब मनोऱ्यावर खाली बसतो आणि बारीक पाइप मधेच वाकतो. चांगली तार हा ताण सोसेल. खुंट आणि पाइप सोसतीलच असं नाही. म्हणून जागा नसेल तर मनोरा बुटका करावा, तणावे जवळ आणू नयेत.

दुसरा आक्षेप अनुभवावर बोट ठेवतो. शेतातल्या विजेच्या खांबाचा स्टे साध्या खड्ड्यात गाडलेला असतो, तरी तो वर्षानुवर्षं टिकतो. पण तो खांब स्वतःच लांबीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका जमिनीत रोवलेला असतो. आपला हलका मनोरा नुसता पायावर टेकलेला असतो. एक खुंट सुटला की त्याला उभं ठेवणारं काही उरत नाही. त्यात मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, मऊ पडते. वळवाची वादळं पहिल्या अवस्थेत गाठतात, परतीचा पाऊस दुसऱ्या. म्हणून काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत खोदून, आडवी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा ओतावा. गच्चीवर तर विटांच्या कठड्याला तणावा कधीच बांधू नये. तो कॉलम किंवा बीमलाच अडकवावा.

तार आणखी आवळली तर? तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण 10 टक्के ताण पुरतो. त्याहून आवळलं तर पाइपवर विनाकारण दाब वाढतो. ढिलं ठेवलं तर प्रत्येक झोतागणिक हिसका बसतो. तणावे 120 अंशांवर तीन दिशांना असावेत, तार आवळणारा टर्नबकल उलटा फिरू नये म्हणून त्यातून तार ओवावी, आणि तारेचं टोक पकडणाऱ्या क्लिपचं खोगीर नेहमी भार घेणाऱ्या तारेवर बसवावं. मनोरा आडवा झाला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं अंतर राखणं यातलं सर्वांत महत्त्वाचं.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवले. संकटात उपयोगी पडायचं असेल तर मनोरा वादळानंतर उभा हवा, आणि नवरात्रात भाविकांनी भरलेल्या गल्लीत कोणाच्या डोक्यावर तर मुळीच पडता कामा नये. म्हणून हॅम मित्रांना विनंती: अँटेनावर खर्च करण्याआधी खुंटावर करा, आणि वळवाच्या आधी एकदा व पावसाळा सरताना एकदा प्रत्येक खुंट तपासा.